कीपवरचे पाच प्रश्न

मारुती मंदिर भागातल्या एका खासगी क्लासात राही सहा वर्षं इंग्रजी शिकवत होती. तिच्या हाताखालून नाना तऱ्हेची डोकी गेली होती, पण स्वतःच्या वडिलांना विद्यार्थी म्हणून समोर बसवायची वेळ येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. विद्यार्थी सत्तावन्न वर्षांचा, दोर ओढून ओढून तळवे राठ झालेले, नाकावर चष्मा आणि पुढ्यात कोरी करकरीत दोनशे पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी वर श्री काढली होती आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला होता. कीप.

हे झेंगट कुठून आलं ते आधी सांगायला हवं. गुरुप्रसाद भाटकर, राहणार भाट्ये, तेहतीस वर्षं मालवाहू जहाजांवर. खलाशी म्हणून चढले आणि बोसन झाले. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. मागच्या सफरीत डर्बनजवळ त्यांचं अपेंडिक्स फुटलं आणि त्यांना स्ट्रेचरला बांधून जहाजावरून खाली उतरवलं. उतरवलं कसलं, सामान उतरवतात तसं लोंबकळत सोडलं, असं ते स्वतः म्हणत. कुणाशी हात मिळवता आला नाही, कुणाला येतो म्हणता आलं नाही. आता तब्येत ठणठणीत होती, डॉक्टरचा कागद हातात होता आणि अठ्ठावन्न पुरी व्हायला दोन महिने उरले होते. अठ्ठावन्ननंतर कंपनी कुणाला चढवत नाही. म्हणून एक शेवटची सफर करायची आणि जहाजाची शिडी आपल्या पायांनी उतरायची, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. सिंगापूरला जहाज लागणार होतं, तारीखही ठरली होती.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीने नवीन खूळ काढलं. बोसनला इंग्रजी बोलता आलं पाहिजे म्हणे. त्याची तोंडी परीक्षा, तीही व्हिडिओवर. प्रत्येकाला दहा दिवस आधी एक साधं क्रियापद देणार आणि त्याच्या वापरावर पाच प्रश्न विचारणार. जो माणूस तेहतीस वर्षं ग्रीक, नॉर्वेजियन आणि देव जाणे कुठकुठल्या कप्तानांच्या हाताखाली राबला, त्याला इंग्रजी येतं की नाही हे आता एका शब्दावरून ठरणार. राहीला पहिल्या दिवशीच या प्रकाराचा संताप आला. पण संताप येऊन करते काय, मुंबईच्या एजन्सीत हे सगळं बघणारा निलेश आपल्या जवळच्या पावस गावचाच मुलगा होता आणि तोही फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, नियम आहे. काकांना तयार करा."

बाबांना मात्र यात अवघड काही वाटलं नव्हतं.

"कीप मला येतो गो," ते म्हणाले. "कीप क्लिअर, म्हणजे बाजूला हो. कीप वॉच, म्हणजे पहारा. कीप इट टाइट, म्हणजे दोर ढिला सोडू नको. झाला की."

"नाही झाला, बाबा. वस्तू ठेवणं म्हणजे कीप. जनावर पाळणं म्हणजे कीप, आणि दिलेला शब्द पाळणं म्हणजेही कीप. घर सांभाळणं कीप. एखादी गोष्ट करतच राहणं, तेही कीप."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "सगळ्याला एकच?"

"एकच."

"त्यांच्याकडे शब्दांची टंचाई होती काय?"

स्वयंपाकघरात सगुणा, म्हणजे राहीची आई, बांगडे साफ करत होती. ती आतूनच म्हणाली, "शब्द पाळल्याचा विषय निघाला तर मला हाक मारा. मला पण ऐकायचं आहे कुणी किती पाळले ते." बाबा गालात हसले आणि वहीत 'शब्द पाळणे' असं लिहून त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्यांची एक सवय अख्ख्या वाडीला ठाऊक होती. त्यांना काही सांगितलं की ते आधी तेच जसंच्या तसं परत म्हणत. जहाजावर तशी रीतच असते. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, हुकूम आला की खालच्याने तो शब्दन् शब्द परत बोलून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात घोटाळा नाही अशी दोन्हीकडे खात्री होते. तेहतीस वर्षांत ती रीत त्यांच्या हाडात मुरली होती. सगुणाने सांगावं, "अर्धा किलो कांदे आणि कोथिंबीर." त्यांनी म्हणावं, "अर्धा किलो कांदे आणि कोथिंबीर." तिने म्हणावं, "हो, हो, निघा आता." शेजारची येसूबाई त्यांना यावरून पोपट म्हणायची, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचा राग येत नसे.

अभ्यासालाही ते तसेच बसत. राही प्रश्न विचारायची, ते प्रश्न परत म्हणायचे, ती "हं" म्हणायची आणि मग ते उत्तर द्यायचे. राहीला यात काही वावगं दिसलं नाही. उलट क्लासातल्या मुलांना ती हेच सांगून दमली होती, की बाबांनो, आधी प्रश्न नीट कानात घ्या. सातव्या दिवसापर्यंत बाबा कीपची वाक्यं अशी करायला लागले की तिलाही ती सुचली नसती. एका संध्याकाळी खाडीच्या पुलावरून चालत येताना ते सहज म्हणाले, "द सी कीप्स नथिंग. इट थ्रोज एव्हरीथिंग बॅक." समुद्र काही ठेवून घेत नाही, सगळं परत फेकतो. राही चालता चालता थांबलीच. पास तर ते होणारच होते, आता किती गुण मिळतात एवढंच बघायचं, असं तिने त्या दिवशी स्वतःशी ठरवून टाकलं.

परीक्षा मंगळवारी सकाळी दहाला होती. कंपनीच्या मेलमध्ये नियमांची ही भली मोठी यादी होती. खोलीत दुसरं माणूस नको. दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर परीक्षा तिथल्या तिथे रद्द. उमेदवाराची नजर पडद्यावरून हलता कामा नये. प्रत्येक प्रश्नाला चाळीस सेकंद. परीक्षक प्रश्न फक्त वाचून दाखवील, मध्ये मदत करणार नाही, होय-नाही काही म्हणणार नाही. राहीने यादी दोनदा वाचली आणि त्यातलं कामाचं तेवढं बाबांना सांगितलं. "काहीही झालं तरी नजर हलवायची नाही बाबा. छत कोसळलं तरी नाही."

"छत कोसळलं तरी नाय," बाबा म्हणाले.

"हं."

सगुणाने त्या दिवशी स्वतःला फाटकावर नेमून घेतलं. साडेनऊ-दहाच्या सुमाराला मासळीवाली मैना वाडीतून ओरडत जाते आणि तिचा आवाज पार नारळ संशोधन केंद्रापर्यंत पोचतो. तिला आज गप्प पुढे काढायची होती. राहीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर लावला, बाबांची कॉलर नीट केली आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या पडद्याआड जाऊन उभी राहिली. तिथून तिला लॅपटॉपची पाठ दिसत होती आणि तिच्या वरच्या कडेपलीकडे बाबांचा चेहरा. पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस. ते खुर्चीत ताठ बसले होते.

परीक्षक दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. कोरडा, सावकाश, कागदावरून वाचणारा. नाव झालं, जन्मतारीख झाली, कॅमेरा फिरवून खोली दाखवून झाली. मग तो म्हणाला, "युअर व्हर्ब इज कीप. क्वेश्चन वन. व्हॉट डू यू कीप इन युअर केबिन?"

इतका सोपा प्रश्न. केबिनमध्ये काय ठेवता. राहीला हसू आलं.

"व्हॉट डू यू कीप इन युअर केबिन, सर," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले.

आणि थांबले.

राहीला वाटलं, वाक्य जुळवतायत. दहा सेकंद गेले, वीस गेले. बाबा शांतपणे पडद्याकडे बघत होते. चेहऱ्यावर ना गोंधळ ना भीती. उलट काम समजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसला एक निवांतपणा. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"क्वेश्चन टू. हाउ डू यू कीप युअर मेन सेफ?"

"हाउ डू यू कीप युअर मेन सेफ, सर."

पुन्हा तेच. पुन्हा ती शांतता. बाबा, बोला ना. हात सुरक्षित ठेवा, दोरापासून लांब राहा, तुम्हीच तर मला सांगितलं होतं, काल याच टेबलावर. राहीने दारातला पडदा बाजूला केला आणि दोन्ही हात वर करून हलवले. तोंडाजवळ बोटं नेऊन बोला, बोला अशी खूण केली. बाबांची नजर लॅपटॉपवरून हलली नाही. छत कोसळलं तरी हलवायची नाही, हे तिनेच त्यांना बजावलं होतं.

तिसरा प्रश्न आला. पाळलेल्या एखाद्या शब्दाबद्दल सांगा. यावर त्यांनी वहीत दीड पान लिहिलं होतं.

"टेल मी अबाउट अ प्रॉमिस यू केप्ट, सर."

सेकंद चालले होते आणि राही दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एक शब्द. फक्त एकदा "बाबा, उत्तर" असं म्हटलं असतं तर सगळं सुटलं असतं. पण आवाज आला की परीक्षा रद्द, आणि रद्द म्हणजे नापासच. बोलावं तर गेलं, न बोलावं तरी गेलं. न बोलण्यात निदान पुढच्या प्रश्नाची आशा होती, म्हणून ती गप्प राहिली. इंग्रजी शिकवून पोट भरणारी बाई, आणि दहा फुटांवर बसलेल्या बापाला तिला एक अक्षर सांगता येत नव्हतं. तिने ओढणीचा बोळा करून तोंडात धरला.

चौथा प्रश्न, तुम्हाला कशामुळे झोप येत नाही. बाबांनी तो परत म्हटला. पाचवा, तुम्ही घरी काय सांभाळता. तोही म्हटला. एकाही शब्दाची चूक नाही, उच्चार स्वच्छ, शेवटी प्रत्येक वेळी सर. शेवटच्या चाळीस सेकंदांत बाहेरून मैनाची पाटी गेल्याची चाहूल लागली. ती बिचारी एक अक्षर न बोलता गेली.

"थँक यू, मिस्टर भाटकर. द टेस्ट इज ओव्हर."

"द टेस्ट इज ओव्हर, सर," असं म्हणून बाबा उभे राहिले आणि पडदा काळा होईपर्यंत उभेच राहिले.

मग त्यांनी वळून बघितलं. चेहरा फुलला होता. "काय गो, कसा झाला? एक शब्द इकडचा तिकडे नाय."

राहीने तोंडातली ओढणी काढली आणि विचारलं, "बाबा, उत्तरं का नाही दिलीत?"

"देणार होतो ना. सर 'येस' बोललेच नाय." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की जणू भात झाला का नाही ते सांगतायत. "ब्रिजवरून हुकूम येतो, आपण परत बोलायचा, मग वरून 'येस' येतो. येस आल्याशिवाय दोराला हात नाय लावायचा. माझ्या हाताखालच्या एकाने लावला होता एकदा, दोन बोटं गेली त्याची. मी थांबलो. सरांना पुढचा प्रश्न विचारायचा असेल, विचारू दे. मला समजलाय एवढा त्यांना कळला म्हणजे झाला."

राहीचं ते "हं". दहा दिवस, रोज दोन तास, प्रत्येक प्रश्नाला तिने हं म्हटलं होतं. शिकवणाऱ्याच्या तोंडातून आपोआप निघतं तसं. बाबांच्या कानांना तेच 'येस' होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. परीक्षक होय-नाही काही म्हणणार नाही हे तिने वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, आणि सांगायच्या लायकीचं नाही म्हणून सोडून दिलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांतलं पाणीही धड बाहेर येईना.

ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि निलेशला सगळं सांगितलं. भराभर, श्वास न घेता. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मुलगा वाईट नव्हता.

"ताई, निकाल आलाय माझ्याकडे," तो म्हणाला. "उमेदवाराला प्रश्न समजत नाहीत, असं लिहिलंय."

"त्यांना सगळं समजतं, निलेश. मी आत्ता त्यांना फोन देते, तू विचार."

"मी विचारून काय होणार? रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते आहे. पुढची परीक्षा नव्वद दिवसांनी देता येते."

"नव्वद दिवसांनी ते अठ्ठावन्न होतात."

"माहीत आहे मला," निलेश म्हणाला. "मी दोन ठिकाणी बोलून बघितलं, खोटं नाही सांगत. पण सिंगापूरसाठी दुसरा बोसन तयारच ठेवला होता, त्यालाच पाठवायचं ठरलं. लोटे गावचा आहे कोणी. काकांना मी सांगू का?"

"नको," राही म्हणाली. "मी सांगते."

सांगते म्हणायला काय जातं. ती अंगणात तशीच उभी राहिली. कुंपणाच्या बुटक्या चिऱ्याच्या गडग्यावर आईने सुकत घातलेली आमसुलं होती, त्यातली दोन-चार तिने उगाच उलटीपालटी केली. हा माणूस तिने लहानपणी वर्षातून तीन महिने बघितला. शाळेचं संमेलन त्यांनी बघितलं नाही, बारावीचा निकाल त्यांना आठ दिवसांनी कळला. त्याबद्दल ती कधीतरी भांडलीही होती. आणि आता पहिल्यांदाच त्यांना तिची गरज पडली, तर तिने हे असं करून ठेवलं. परत आत जाईपर्यंत तिने मनात चार वाक्यं जुळवली आणि चारही मोडली.

बाबा पडवीत आरामखुर्चीत बसले होते. सगुणा फाटकावरून परत आली होती आणि त्यांच्यापुढे चहाचा कप होता. स्वारी रंगात होती.

"ये गो. तुझी आई विचारते, सरांनी काय काय विचारला. तिला सांगतोय. तू बघ बरोबर हाय का." त्यांनी घसा साफ केला. "व्हॉट डू यू कीप इन युअर केबिन?"

त्यांनी राहीकडे बघितलं. राही म्हणाली, "हं."

"आय कीप वन फोटो अँड वन बॉटल ऑफ माय वाइफ्स पिकल." केबिनमध्ये एक फोटो आणि बायकोच्या लोणच्याची बाटली. सगुणाला पिकल तेवढं कळलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

"हाउ डू यू कीप युअर मेन सेफ?"

"हं."

"आय कीप देम अवे फ्रॉम द टाइट रोप. रोप नेव्हर टेल्स बिफोर ब्रेकिंग."

एकेक करून ते सगळं बोलले. तेहतीस वर्षं बायकोला दिलेला शब्द पाळला, दर खेपेला परत आलो, हे बोलले. जहाजाचं इंजिन बंद पडलं की शांततेनेच झोप उडते, हे बोलले. व्याकरणाची बारीकशी चूक दोन ठिकाणी असेल नसेल, क्लासातली कुठलीही मुलगी इतकं चांगलं बोलली नसती. राहीने प्रत्येक वेळी हं म्हटलं. न म्हणून भागलंच नसतं, ते थांबून राहिले असते. जे दहाला म्हणायला हवं होतं ते ती पावणेअकराला म्हणत होती आणि ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

"आता लास्ट. व्हॉट डू यू कीप अॅट होम?"

राहीने शेवटचं हं म्हटलं.

"अॅट सी आय कीप वॉच, सर. अॅट होम आय हॅव नथिंग टू कीप." समुद्रावर मी पहारा राखतो, घरी मला राखायला काही नाही. बोलून ते खुशीत मागे रेलले. "सर असले असते तर खूश झाले असते ना?"

"वाक्य बरोबर आहे, बाबा," राही म्हणाली. मग ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि तिने त्यांना सांगितलं. निकाल काय आला ते, नव्वद दिवसांचं, सिंगापूरला दुसरा जातोय ते. आपल्या हं बद्दलही तिने सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सगुणा मध्येच उठून आत गेली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. या खेपेला त्यांनी त्यातलं काहीच परत म्हटलं नाही. त्यांनी कपाचा कान धरला, सोडला, चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला.

"तुझी चूक नाय गो," ते म्हणाले. आणि विचारलं, "मग आता मी काय करू?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. ते राहीच्या तोंडाकडे बघत, हात मांडीवर ठेवून, ती सांगेल म्हणून बसून राहिले.